आमच्या अंगणातलं सॅक्सनांचं गाव

एका दिवाळीत आमच्या इंदूरच्या, जुनी इंदूर भागातल्या घराच्या अंगणात, तुळशीच्या उजव्या हाताला, अँग्लो-सॅक्सन लोकांचं गाव वसलं होतं. ओल्या मातीचा, शेणाचा आणि नुकत्याच उगवू लागलेल्या मोहरीचा वास त्या गावाला होता; गावाच्या मधोमध उतरत्या गवती छपराचं एक लांबलचक दालन होतं, त्या दालनाच्या पोटात धुपाचा खडा पेटवून ठेवला की छपराच्या फटींतून धुराच्या बारीक रेघा वर चढायच्या, आणि त्या धुराच्या आसपास हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे ते इंग्रज डोक्याला लाल पागोटी बांधून, हातांत भाले धरून, अगदी गंभीर चेहऱ्यानं उभे असायचे. पागोटी अर्थातच मावळ्यांची. बाजारात मातीचे सॅक्सन मिळत नव्हते, त्याला आमचा काय इलाज? बाबांनी पहिल्या दिवशी थोडी कुरकुर केली, मग तेही त्या पागोट्यांकडे कौतुकानं पाहू लागले... आजही इंग्लंडच्या त्या जुन्या काळाबद्दल काही वाचनात आलं की ती माणसं माझ्या डोळ्यांसमोर पागोटी घालूनच येतात.

दिवाळीत मुलांनी अंगणात मातीचा किल्ला करायचा, ही आम्हा मराठी घरांची रीत. पूर्वजांनी घोड्यांवरून आणि बैलगाड्यांतून माळव्यात येताना देव्हारे आणि कुळाचार आणले, त्यांच्याबरोबर हीदेखील आणली असावी. माळव्यात कडे नाहीत, दऱ्या नाहीत, जमीन कशी ताटासारखी सपाट. पण पावसाळा सरला, नदीवरून येणारं सकाळचं पांढुरकं धुकं गल्लीत रेंगाळू लागलं, घराघरांतून तळणीचा खमंग वास आणि पितळेच्या डब्यांचे आवाज येऊ लागले, की आमच्या गल्लीत जागोजाग बुरूज उभे राहायचे. देपालपूरकडून धान्य घेऊन येणाऱ्या गाड्यांच्या चाकांना काळीभोर माती चिकटलेली असायची, ती आम्ही मुलं काठीनं खरवडून घ्यायचो. ती माती दिसायला सुरेख, पण वाळली की तिला भेगा पडत. मग तीत पिवळी माती आणि टांग्याच्या घोड्यांची लीद मिसळायची, पायांनी तुडवायची. गुडघ्यापर्यंत चिखल आणि मनात परम संतोष, असे ते दिवस होते.

त्या वर्षी किल्ला झाला नाही, गाव झालं, ते बाबांमुळे. बाबा कॉलेजात इंग्लंडचा इतिहास शिकवत. राजे, लढाया आणि सनावळ्या यांत त्यांचा जीव रमत नसे. ती माणसं काय खात, काय विणत, हिवाळ्याच्या लांबच लांब संध्याकाळी कशा घालवत, हे सांगू लागले की मात्र त्यांना वेळेचं भान राहत नसे. जेवताना ते सातूच्या भाकरीबद्दल बोलायचे, अंघोळीला जाताना मधमाश्यांच्या पेट्यांबद्दल. सॅक्सनांची घरं कुडाची होती, घराच्या मधोमध आग असे आणि तिच्याभोवती सगळं घर झोपे. गावचा जो मोठा माणूस त्याचं एक भलंमोठं दालन असे, त्यात बाकांवर ज्याच्या त्याच्या मानानं माणसं बसत. वीणा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती जाई, कोणी कोडं घाले, कोणी ते सोडवे, आणि बाहेर बर्फ पडत राही... आम्ही बर्फ पाहिलेला होता तो फक्त गोळेवाल्याकडचा. पण बाबा सांगू लागले की पाठीवरून एक गार शहारा जायचा आणि आम्ही आगीजवळ सरकावं तसे त्यांच्याजवळ सरकायचो.

नवं राज्य झालं होतं, राजधानी भोपाळला गेली होती, आणि इंदूरच्या कितीतरी घरांत बिछाने बांधले जात होते. कॉलेजातही नवे विषय, नवी पुस्तकं, हिंदीतून शिकवणं सुरू होणार होतं. बाबांचे सॅक्सन अभ्यासक्रमातून निघाले होते. आणि दसऱ्याच्या आधीच बाबांची बदली भोपाळला झाल्याचा हुकूमही आला होता. दिवाळी झाली की निघायचं. म्हणून असेल कदाचित, दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, किल्ल्याच्या मातीचा विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले,

“यंदा किल्ला नको रे. यंदा आपण सॅक्सनांचं गाव करू. तेवढंच त्यांना निरोप दिल्यासारखं होईल.”

आता आजोबांबद्दल सांगायला हवं. आजोबा, बाबांचे वडील, संस्थानच्या दरबारात होते. ‘दरबारात होते’ एवढंच आम्हाला माहीत, आणि तेवढं आम्हाला पुरेसं होतं. गल्लीतून ते निघाले की दुकानदार अर्धवट उठून ‘जय रामजी की, दाजीसाहेब’ म्हणत. संस्थान गेलं, दरबार गेला, पण आजोबा दसऱ्याच्या दिवशी अजूनही अंगरखा चढवत, पगडी ठेवत आणि मग जायला कुठंच नसल्यामुळे ओसरीच्या खांबाशी थोडा वेळ उभे राहून पुन्हा आत येत. ते पाहिलं की मला उगीचच रडू येई.

बदलीचा हुकूम आला त्या दिवशी त्यांनी तो बाबांकडून वाचून घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “तुम्ही जा. मी येणार नाही.” बाबांनी परोपरीनं समजावलं. आजोबांचं एकच, “मी इथंच ठीक आहे. खानावळीचा डबा लावीन.” आजोबांना एकटं टाकून जायचं या कल्पनेनं घरावर जे सावट आलं, ते दिवाळीच्या दिव्यांनीही जाईना. सत्तरीच्या घरातला माणूस, डोळ्यांना कमी दिसतं, रात्री खोकला लागला की पाणी कोण देणार? बाबा रागावत, मग गप्प होत, मग पुन्हा सॅक्सनांकडे वळत. आई काहीच बोलत नसे.

ती बोलणार तरी कशी? आमच्या घरात सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, अशी रीत होती. आजी असताना निरोप आजीमार्फत जात. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. “आजोबांना सांग, पान वाढलंय.” “आईला सांग, आलोच.” दोघं एकमेकांपासून चार हातांवर असत, एकमेकांचं सगळं ऐकू येत असे, तरीही मी मध्ये उभी राहून सगळं पुन्हा म्हणायची. आणि मी काही साधं टपाल नव्हते. त्यात पदरचं घालत असे. आईनं “भाजीत मीठ झालंय का विचार” म्हटलं की मी विचारायची, “आजोबा, आई म्हणते, आज भाजी अगदी झकास झालीय, हो ना?” आजोबा मिशीत हसत. आई चुलीकडे तोंड करून हसे. त्या दोघांचं एकमेकांशी हसणं तेवढंच, आणि तेही माझ्यामार्फत.

तर गावाला सुरुवात झाली. तुरीच्या काड्यांचा कूड विणला, त्याला शेणमाती लिंपली, वरून वाळलेलं गवत शाकारलं. शेजारच्या गंगाबाईंनी कुंपणावरून डोकावून विचारलं, “क्या बना रिये हो, मास्साब? किला तो नी लगे ये.”

“अंग्रेजों का गाँव है, गंगाबाई. हजार साल पुराना,” बाबा म्हणाले.

“अंग्रेजों का? गोबर से लिपा हुआ?” गंगाबाईंना हसू आवरेना. “अरे ओ, सुनो तो! ये मास्साब क्या के रिये हैं!”

ओसरीवर आजोबा पान लावत बसले होते. त्यांचा हात थांबला. ते हळूहळू उठले, काठी टेकत अंगणात आले.

“काय म्हणालास? रेसिडेन्सीतले ते साहेब, बग्गीतून उतरायला ज्यांच्यापुढं आम्ही पायघड्या टाकायचो, त्यांची घरं असली होती?”

“अशीच. कुडाची. एका टोकाला गुरंही बांधायचे म्हणतात.”

“आणि जमीन?”

“मातीची. वर गवत अंथरलेलं.”

आजोबांनी काठीचं टोक त्या ओल्या भिंतीला लावून पाहिलं. मग त्यांच्या तोंडून एक असं हसू फुटलं, की मी ते त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. “गवतावर बसत होते लेकाचे! आणि आम्हाला सांगायचे, गालिच्याला सुरकुती आहे!”

त्या घटकेपासून आजोबा गावात सामील झाले. बदलीचा हुकूम आल्यापासून ज्या माणसानं घरात धड कुणाशी शब्द काढला नव्हता, तो आता सकाळी चहा झाला की पाट घेऊन अंगणात येऊन बसू लागला. आम्ही सगळ्यांनीच त्या गावात आपापल्या समजुतीच्या चुका केल्या. दादानं सॅक्सनांच्या दारी तुळशीवृंदावन घातलं. मी त्यांच्या उंबऱ्यावर रांगोळी काढली. बाबा डोक्याला हात लावून म्हणाले, “असू दे, दिवाळी आहे.” आईनं मात्र एक काम अचूक केलं. सॅक्सन बायका उभ्या मागावर विणत आणि ताण्याचे धागे ताठ राहावेत म्हणून त्यांच्या टोकांना मातीची जड कडी बांधत, असं बाबांनी सांगितलं होतं. दुपारी तिनं स्वयंपाकघरात चकलीचा घाणा काढता काढता उरल्या मातीची इवली इवली कडी वळली, चुलीच्या निखाऱ्यात भाजली, आणि दोऱ्यांना बांधून बोटभर उंचीचा माग माझ्या हाती दिला. वाऱ्यानं तो हलला की कडी एकमेकांवर आपटून किणकिण वाजायची. आजोबांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ न्याहाळला आणि मला म्हणाले, “आईला सांग, हात मोठा सुबक आहे.” मी सांगितलं. खरं म्हणजे तिनं ते ऐकलंच होतं, पण माझ्याकडून दुसऱ्यांदा ऐकताना ती पुन्हा लाजली.

दालनात माणसं बसवायची वेळ आली तेव्हा आजोबांनी सगळ्यांना बाजूला सारलं. “सरका. हे माझं काम.” काडेपेटीच्या डबीला लाल कापड लावून त्यांनी दालनाच्या धन्याची गादी केली, कापसाचे लोड केले, दोन्ही अंगांनी बाक मांडले. कोण धन्याच्या उजव्या हाताला, कोण डाव्या, कुणामध्ये किती अंतर, तरण्या भालाईतानं म्हाताऱ्याकडे पाठ करून बसता कामा नये, पाहुण्याला दाराकडून वारा लागता कामा नये... त्यांची बोटं थरथरत, पण एक मातीची बाहुली जागेवर ठेवली की पुन्हा हलवावी लागत नसे. बाबा बाजूला मांडी घालून पाहत होते. इतकी वर्षं संस्थानाचं, दरबाराचं नाव निघालं की ते थोडे कंटाळल्यासारखे करत. त्या दिवशी त्यांचा चेहरा वेगळाच होता.

शेवटी आजोबांनी केरसुणीच्या काड्यांचा चिकाचा, म्हणजे आतून बाहेरचं दिसेल असा पडदा करून दालनाच्या एका टोकाला लावला. “हा कशाला?” बाबांनी विचारलं.

“बायकांना. धन्याची बायको कुठं बसेल?”

“ती आत बसत नाही. ती भर दालनात येते. पेयानं भरलेला पेला तिच्या हातात असतो. पहिल्यांदा धन्याला देते, मग मानानं एकेकाला. त्यांची मोठी रीत होती ती. आणि असा पेला ज्यानं हातात घेतला, तो सगळ्यांसमक्ष जे बोलेल, त्याला बांधला गेला.”

“भर सभेत? परक्या पुरुषांसमोर?” आजोबांच्या भुवया वर गेल्या. “तौबा! ऐसा कैसा दरबार, भई?”

“तिच्या हातून पेला मिळेपर्यंत दालन बसलं असं मानतच नसत,” बाबा म्हणाले. “आपलं माणूस कोण आणि परकं कोण, हे तीच ठरवायची म्हणा ना.”

 थोड्या वेळानं आजोबांनी पडदा काढला, मात्र पुरता टाकला नाही; गुंडाळून वर बांधून ठेवला. दुकानातून आणलेली एक मातीची गवळण धन्याच्या पुढ्यात उभी केली. तिच्या डोक्यावर दुधाचा घडा होता. “दूध चालेल,” ते म्हणाले. “मद्य आपल्या अंगणात नको.” स्वयंपाकघराच्या दारात आई निवडायची मेथी घेऊन उभी होती. ती हे सगळं ऐकत होती, हे मला पक्कं आठवतं, कारण तिच्या हातातली जुडी तशीच राहिली होती.

आणि मग मी विचारलं. मुलांना असं काही विचारताना जराही भीती वाटत नाही.

“आजोबा, दरबारात तुमची जागा कुठली होती? दाखवा ना यात.”

ते हसले. त्यांचं बोट लाल गादीवरून गेलं, उजव्या बाकावरून गेलं, डाव्या बाकावरून गेलं आणि दालनाच्या बाहेर, दारालगतच्या काडीच्या खांबाशी येऊन थांबलं.

“इथं. उभा.”

“उभे? सगळा वेळ?”

“मी फरासखान्यात होतो, बाळ. बिछायत घालायची, लोड-तक्के मांडायचे, कुणाला कुठं बसवायचं ते ठरवायचं. पहाटेपासून मांडामांड करायची आणि महाराज आले की खांबाशी उभं राहायचं. फरासखान्यातला माणूसच बसला तर दरबार कसा बसेल?” त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, जुनी ऐट होती. पण पुढचं वाक्य ते अंमळ थांबून बोलले, आणि ते बाबांना उद्देशून होतं. “इंदूरमध्ये मी कुठं उभं राहायचं, ते मला ठाऊक आहे रे. भोपाळात ते कोण सांगणार? तुझ्या क्वार्टरात मी कुठल्या खांबाशी उभा राहू?”

 बाबांनी पुढं वाकून कारण नसताना एक बाक सरळ केला. मेथीची जुडी घेऊन आई आत गेली.

पाडव्याच्या संध्याकाळी आमच्याकडे दर वर्षी आजोबांचे जुने सोबती फराळाला येत. त्यांत मुख्य म्हणजे रावसाहेब. दरबारात खऱ्याखुऱ्या मानाच्या जागेवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ. आता त्यांचं जरीचं उपरणं विरलं होतं आणि ते पायी येत, पण आजोबा त्यांना अजूनही दारापर्यंत जाऊन आत आणत. त्या संध्याकाळची हवा मला अजून जाणवते... अंगावर येईल न येईल अशी थंडी, रस्त्यापलीकडून येणारा फटाक्यांच्या दारूचा वास, पणत्यांतल्या तेलाचा वास, गावात तरारलेली मोहरीची हिरवळ, दालनातून निघणारा धुपाचा धूर. सतरंज्या अंथरल्या होत्या. पाहुणे गावाभोवती वाकवाकून बघत होते, आणि बाबा त्यांना सॅक्सनांच्या कांद्या-मधाच्या गोष्टी रंगवून सांगत होते.

आणि आजोबा माणसं बसवत होते. रावसाहेब तुळशीकडे, त्यांच्या डाव्या हाताला कॉलेजातले बाबांचे स्नेही, ज्यांचे गुडघे दुखतात ते भिंतीशी. सगळे नीट बसले. आजोबा ओसरीच्या खांबाशी जाऊन उभे राहिले. दर वर्षी ते तिथंच उभे राहत असणार. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

तेवढ्यात आई बाहेर आली. नेहमी फराळाची ताटं दादा आणि मी नेत असू. आई माणसांत येत नसे. त्या संध्याकाळी तिनं लग्नातली महेश्वरी नेसली होती, पदर डोक्यावरून घेतला होता, आणि तिच्या हातातल्या तबकात चांदीचं फुलपात्र होतं. केशर घातलेल्या दुधाची वाफ त्यातून निघत होती.  ती सतरंजीच्या कडेनं चालत रावसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी सवयीनं हात पुढं केला. आणि ती त्यांच्यापुढून निघून गेली. सरळ खांबाशी आली, आजोबांपुढं थांबली.

आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईनं मला जवळ ओढलं. “आईला सांग, आधी रावसाहेब. चूक होतेय.”

मी तोंड उघडलं. पण आईच बोलली. त्या घरात सून होऊन आल्यापासून पहिल्यांदा, त्यांच्याशी, त्यांच्याकडे बघून.

“तिला नका सांगू, मामंजी. मला सांगा.”

अंगणात इतकी शांतता पसरली की तो मातीचा माग वाजलेला मला ऐकू आला. दूध फुलपात्राच्या काठाला लागत होतं. तिचा आवाज अगदी हलका, पण एकही शब्द वाया न जाणारा.

“भोपाळला नवी माणसं येतील घरी. कोणाला कुठं बसवायचं, मला काही कळत नाही. यांनाही कळत नाही. तुम्ही नसलात तर आमचं घर बसायचं कसं? ...पण त्याआधी तुम्ही बसा. उभ्यानं नाही द्यायची मी हे.”

आजोबांनी रावसाहेबांकडे पाहिलं. लहान मूल मोठ्या माणसाकडे परवानगीसाठी पाहतं तसं. रावसाहेब काठीवर भार देऊन उठले. आपल्या जागेवरून बाजूला सरले आणि हातानं सतरंजी साफ केली.

“बसा, दाजीसाहेब. उभी हयात तुम्ही मला बसवलंत. मला एकदा तरी हे काम करू द्या.”

आजोबा बसले. तुळशीच्या बाजूला, गावाच्या समोर, पाठ ताठ ठेवून. आईनं खाली वाकून फुलपात्र त्यांच्या हाती दिलं. त्यांनी ते ओठाला लगेच लावलं नाही. दोन्ही हातांत धरून ते त्या छोट्या दालनाकडे, लाल गादीकडे, घडा घेऊन उभ्या असलेल्या गवळणीकडे पाहत राहिले. पेला घेतला की माणूस बांधला जातो, हे बाबांनी सांगितलेलं त्यांच्या पुरतं लक्षात होतं.  आणि आजोबांनी ते दूध हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं, मिशा पुसल्या आणि मान वर करून म्हणाले,

“सूनबाई, भोपाळात तलावावरचा वारा झोंबतो म्हणतात. माझी गोधडी वरच ठेवा, ट्रंकेत खाली दाबू नका.”

आईनं पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक शिंकरलं, आणि लगेच चिवड्याच्या ताटांसाठी हाका सुरू झाल्या.

पुढं बाबांनी मला एकदा सांगितलं, की सॅक्सनांच्या दालनातला तो विधी अगदी असाच होता, असं काही खात्रीनं म्हणता येणार नाही. मी म्हटलं, “आता सांगून काय उपयोग, बाबा?” तर तेही हसले. आम्ही निघालो तेव्हा गाव अंगणातच राहिलं. गंगाबाईंच्या शेळीनं मोहरीचं कुरण त्याच दिवशी फस्त केलं, असं नंतर कळलं. भोपाळला बाबा हिंदीतून दुसरंच काही शिकवू लागले, आणि सॅक्सनांचं नाव आमच्या घरात हळूहळू मागं पडत गेलं... विषय सुटला की माणूस थोडा म्हातारा होतो, हे मला बाबांकडे बघून समजलं.

आजोबा मात्र क्वार्टरात रमले. बाहेरच्या खोलीत खिडकीखालची खुर्ची त्यांची. कुणी आलं की ते खुर्चीतूनच हातानं जागा दाखवत, आणि माणसं आज्ञाधारकपणे तिथंच बसत. पण माझ्या मनात त्या घरातल्या खऱ्या उरल्या आहेत त्या दुपारी. बाबा कॉलेजात, दादा शाळेत. बरं नसलं म्हणून मी घरी राहिले की अर्धवट झोपेत पलीकडच्या खोलीतून दोन आवाज ऐकू येत. एक जाड आणि खोकल्यानं तुटणारा, एक बारीक. वांग्यांची चव इंदूरसारखी नाही. गादीचा कापूस पिंजायला हवा. दरबारात एकदा तक्का उसवला होता तेव्हा काय झालं. तुमच्या माहेरी भाऊबीजेला काय करतात? इतक्या वर्षांचं साचलेलं ती दोघं जराही घाई न करता बोलत. कधी एखादं हसू, मग पुन्हा शांतता, पुन्हा तेच दोन आवाज... त्या आवाजांत झोपण्यासारखं सुख मी पुन्हा अनुभवलं नाही.

आजोबा एका हिवाळ्यात गेले. माणसं आली, विधी झाले, माणसं गेली. त्यानंतरच्या एका दुपारी आई त्या रिकाम्या खुर्चीजवळ जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. खिडकीतून ऊन तिच्या सुपात पडलं होतं. बराच वेळ तिचा हात एकाच जागी फिरत होता. मग मान वर न करता ती म्हणाली,

“दुपारी मी आता कोणाशी बोलू गं?”

मी तिच्याजवळ जाऊन बसले. सुपातले थोडे तांदूळ माझ्याकडे ओढून घेतले आणि निवडू लागले.